वाड्यातली पहिली थंडी

निफाडजवळच्या एका गावातून एका ताईंचं सहा पानी पत्र आलं आहे. नाव-गाव छापू नका, अशी त्यांची विनंती आहे. त्यातला महत्त्वाचा भाग असा :

‘लग्नानंतरची १७ वर्षं ठाण्यात फ्लॅटमध्ये गेली. दोन वर्षांपूर्वी सासरे गेले. सासूबाई ७६ वर्षांच्या आहेत, गाव सोडायला तयार नाहीत. यजमानांचं काम आता घरूनच चालतं, म्हणून दसऱ्याला आम्ही दोघं आणि नऊ वर्षांचा मुलगा गावच्या वाड्यात राहायला आलो. वाडा शंभरीच्या पुढचा. दिवाळीत इतकं छान वाटत होतं की मी मैत्रिणींना फोटो पाठवत होते. माडीवरच्या खोलीला चार मोठ्या कोरीव खिडक्या आहेत, ती आम्ही झोपायला घेतली. आता थंडी पडली आहे आणि रात्री वारा कुठून येतो तेच कळत नाही. दिवसभर सगळं बंद ठेवते तरी घर गारच. मुलाचा खोकला थांबत नाही. यजमान रात्री कोळशाची शेगडी खोलीत आणून ठेवतात. सासूबाई पहाटे पाचला उठून मागचं दार सताड उघडतात, सांगून ऐकत नाहीत. एक काँट्रॅक्टर बघून गेला. तो म्हणतो, सगळ्या भिंतींना सिमेंटचं प्लास्टर करा, नाहीतर पाडून स्लॅबचं घर बांधा. रात्री माजघराचं दार खडखडत राहतं आणि मी जागी असते. इथे येऊन चूक केली, असं वाटायला लागलंय. सासूबाईंशी हे बोलता येत नाही, यजमानांना बोललं की त्यांना लागतं. काय करू?’

ताई, बाकी सगळं नंतर. आधी शेगडी. आज रात्रीपासून ती झोपायच्या खोलीत येता कामा नये. ‘दार थोडं किलकिलं ठेवतो’ म्हणूनही नको, ‘निखारे विझत आलेत’ म्हणूनही नको.

माझं माहेर सिन्नरचं, वाड्यातलंच. मी दहा-अकरा वर्षांची असताना काकू बाळंतीण होती. पौषाचे दिवस. बाळंतिणीच्या खोलीला वारा लागू नये म्हणून खिडकीच्या फटीत कापडं कोंबलेली, दाराला गोधडी टांगलेली आणि बाजेखाली शेगडी. सकाळी आजी दूध घेऊन गेली तेव्हा काकू उठेना. हाका मारल्या, हलवलं, डोळे उघडून पुन्हा मिटले. आजीने आधी बाळ उचलून चौकात आणलं, मग घरातल्या आणखी एकीला घेऊन काकूला ओढत ओसरीवर आणलं. मोकळ्या हवेत तासाभराने ती बोलली. तिला पहिल्यांदा उलटी झाली, मग डोकं इतकं दुखलं की दोन दिवस तिला उजेड सहन झाला नाही. दोघं वाचली. घरात सगळे म्हणाले, नजर लागली. तो कोळशाचा धूर नव्हता, धूर असता तर कुणाच्या तरी नाकाला कळला असता. तो कार्बन मोनॉक्साइड होता. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. त्यामुळे अंगाला प्राणवायू मिळत नाही, तरी माणूस गुदमरल्यासारखा धडपडत नाही, नुसता झोपून राहतो. आणि धगधगीत लाल झालेले, अजिबात धूर नसलेले निखारेसुद्धा तो सोडत असतात. उलट तेव्हाच माणूस बेसावध असतो.

तुमच्या बाबतीत मला जास्त काळजी याची वाटते की तुम्ही एकीकडे फटी बुजवायच्या मागे आहात आणि दुसरीकडे शेगडी आत येते आहे. आजवर कदाचित त्या फटींनीच तुम्हाला सांभाळलं असेल. सकाळी उठल्यावर तिघांपैकी कुणाचं डोकं जड असतं का, मळमळतं का, आणि बाहेर आलं की बरं वाटतं का, ते विचारा. तसं असेल तर आजच डॉक्टरांना शेगडीचा उल्लेख करून सांगा. शेगडी चौकात पेटवा, संध्याकाळी सगळ्यांनी भोवती बसून हातपाय शेका, आणि झोपायच्या आधी पाणी ओतून विझवा. न्हाणीघरात गॅसचा गिझर असेल तर तिथला झरोका कधीही बुजवू नका, गिझरही हाच वायू सोडू शकतो. कार्बन मोनॉक्साइड ओळखून वाजणारं छोटं यंत्र ऑनलाइन मिळतं, ते एक मागवून ठेवा.

आता वारा.

तुमचं पत्र वाचताना मी एका वाक्याशी थांबले. माडीवरची चार खिडक्यांची खोली तुम्ही झोपायला घेतली. ताई, ती उन्हाळ्याची खोली आहे. तुम्ही उन्हाळ्याच्या खोलीत हिवाळा काढताय.

फ्लॅटमध्ये बेडरूम म्हणजे बेडरूम, बारा महिने तीच. वाड्यात तसं नसतं. माडी वैशाखासाठी असते. चारी बाजूंनी वारा खेळावा म्हणूनच त्या खिडक्या तिथे ठेवल्या आहेत, आणि कौलांच्या फटींतून गरम हवा वर निघून जावी म्हणून वर छत नाही. जे मे महिन्यात सुख, तेच डिसेंबरात हाल. थंडीची खोली म्हणजे माजघर. त्याची एकही भिंत सहसा बाहेरच्या वाऱ्याला लागून नसते. पुढे ओसरी, मागे स्वयंपाकघर, वर माडी. दोन-अडीच फूट जाडीच्या मातीच्या भिंती, वर सागवानी तुळया आणि फळ्या. खिडकी नाही म्हणून आपण त्याला अंधारी खोली म्हणतो आणि तिथे गव्हाच्या कोठ्या ठेवतो. तुमच्याही माजघरात आत्ता सामानच असणार, असा माझा अंदाज आहे.

आमच्याकडे चंपाषष्ठी झाली की आजी माडीवरच्या गाद्या खाली आणायला लावायची. जिना भिंतीतला, अरुंद, काळोखा. त्याच्या वरच्या तोंडाशी आडवी लाकडी झडप होती. गाद्या उतरल्या की ती झडप पडायची, ती थेट होळीला उघडायची. मला वाटायचं ती चोरांसाठी आहे, आणि पूर्वी असेलही. पण गरम हवा वर चढते. जिन्याचं तोंड उघडं असलं की माजघरातली सगळी ऊब माडीवर आणि माडीवरून कौलांतून बाहेर जाते, आणि तिची जागा घ्यायला दाराखालून गार हवा आत ओढली जाते. वरचं भोक बंद केलं की खालचा वारा निम्मा मंदावतो. तुमच्या जिन्याला अशी झडप आहे का ते बघा. बहुतेक असेल, भिंतीला टेकवून वर्षानुवर्षं उघडीच राहिली असेल. नसेल तर जाड फळी किंवा जुनी गादी टाकून चालेल.

तेव्हा पहिलं काम हे : या रविवारी माजघर रिकामं करा आणि चौघंही खाली या. चार माणसं एका खोलीत झोपली की त्यांच्या अंगाचीच ऊब पुरते. ठाण्याहून आलेल्या माणसाला हे अवघड वाटेल, नवरा-बायकोची वेगळी खोली राहत नाही, ते मला कळतं. जागा असेल तर मधे साडीचा पडदा लावा. दोन-अडीच महिन्यांचा प्रश्न आहे.

दुसरं, तुम्ही लिहिता की दिवसभर सगळं बंद ठेवते तरी घर गारच. बंद ठेवता म्हणूनच ते गार आहे. निफाडची थंडी मोठी कडक. डिसेंबर २०१८ मध्ये तिथे पारा २ अंशांच्याही खाली गेला होता, कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रावरचा आकडा थंडीत रोज पेपरात येतो तो त्यामुळेच. पण ही थंडी रात्रीची आहे. आकाश निरभ्र, हवा कोरडी, त्यामुळे जमीन रात्रभर उष्णता सोडत राहते आणि पहाटे गारठते. दुपारी मात्र त्याच अंगणात २६-२८ अंशांचं ऊन असतं. तुमच्या जाड भिंती आज जे घेतात ते बऱ्याच तासांनी परत देतात. सगळं बंद करून तुम्ही रात्रीचा गारठा आत कोंडून ठेवता आणि दुपारची ऊब दाराबाहेर उभी करता. त्यामुळे सकाळी दहा-साडेदहाला, बाहेर अंगाला ऊन चांगलं लागायला लागलं की, सगळी दारं-खिडक्या उघडा, अगदी माडीच्याही. चार-साडेचारला, ऊन उतरायच्या आत, सगळं लावून घ्या. एप्रिलपासून याच्या बरोबर उलट करायचं असतं.

उन्हाचं अजून एक. २२ डिसेंबरच्या आसपास तुमच्याकडे भर दुपारीही सूर्य डोक्यावर येत नाही, दक्षिणेला कलून साधारण ४६-४७ अंशांवर राहतो. त्यामुळे चौकाच्या उत्तरेकडच्या ओसरीत, जिचं तोंड दक्षिणेला असतं, ऊन पार आतपर्यंत शिरतं. मे महिन्यात तिथे उन्हाची तिरीपही येत नाही. मुलाचा अभ्यास, सासूबाईंचं निवडणं-टिपणं, यजमानांचा लॅपटॉप, सगळं दुपारी त्या ओसरीत हलवा. चौकावर प्लॅस्टिकची ताडपत्री कायमची टाकायचा विचार कुणी सुचवला तर ऐकू नका, ऊन आणि धुराची वाट दोन्ही जातील. चौक फक्त रात्री गार हवेचं तळं होतो, म्हणून ओसरी आणि माजघराच्या मधल्या दाराला रात्री जाड पडदा हवा.

मग फटी. त्या सगळ्या बुजवायच्या नाहीत, आधी शोधायच्या. पहाटे वारा चालू असताना एक उदबत्ती पेटवा आणि माजघराच्या दारापासून सुरुवात करून भिंतीभिंतीने हळूहळू फिरा. उदबत्ती गुडघ्याच्या उंचीला धरा, मग डोक्याच्या. धुराची रेघ सरळ वर गेली तर पुढे चला. ती वाकली, थरथरली, तुटली, तिथे खडूने खूण करा. तुम्हाला वाटेल शंभर जागा निघतील. माझा अनुभव असा की पाच-सहा जागाच खऱ्या असतात : उंबरठ्याखाली, दाराच्या दोन फळ्यांच्या मधे, चौकट आणि भिंत जिथे भेटते तिथे, तुळईचं टोक भिंतीत जिथे शिरतं तिथे, आणि एखाद्या कोनाड्यामागे उंदराने पोखरलेली वाट. हे काम यजमानांबरोबर करा, मुलाच्या हातात खडू द्या. तुम्ही एकटीने सांगितलं की ‘घरात वारा येतो’, तर ते त्यांच्या वाडवडिलांच्या घराला नाव ठेवल्यासारखं होतं. तिघांनी मिळून शोधला की तो नुसता वारा राहतो.

बुजवताना एक लक्षात ठेवा. जुनं लाकूड पावसाळ्यात फुगतं आणि थंडीत आटतं. आज दाराच्या फळ्यांमधे बोटाएवढी फट दिसते आहे, ती आषाढात आपोआप मिटेल. तिथे आत्ता एम-सील किंवा लांबी (पुट्टी) भरून टाकली तर जुलैमध्ये दार लागणार नाही आणि ओढून लावलंत तर चौकट फाटेल. म्हणून लाकडाच्या फटीत मऊच वस्तू जायला हवी. जुन्या सुती साडीच्या पट्ट्या फाडून पीळ द्या आणि बोथट सुरीने फटीत दाबत न्या, पावसाळ्याआधी ओढून काढता येतात. दार चौकटीला जिथे टेकतं तिथे हार्डवेअरच्या दुकानात मिळणारी चिकट स्पंजाची पट्टी लावा. उंबरठ्यापाशी ठेवायला जुन्या जीनच्या पायात कोरडी वाळू आणि थोडा गव्हाचा भुस्सा भरून दोन्ही तोंडं शिवून टाका. नुसत्या कापडाची वळकटी वाऱ्याने सरकते, वाळूची जागची हलत नाही.

चौकट आणि भिंत यांमधली भेग मात्र कायमची भरायची, पण मातीने. गावात मातीचं काम जाणणारा जुना गवंडी अजून एखादा असेल. माती चाळून, गव्हाचा भुस्सा आणि शेण घालून, चार-आठ दिवस भिजत ठेवायची, पायाने तुडवायची. खोल भेगेत आधी काथ्या ठासायचा, वरून ही माती, ती वाळली की चुन्याचा हात. इथे सिमेंट नको, आणि काँट्रॅक्टर म्हणतो तसं अख्ख्या भिंतीला तर मुळीच नको. मातीच्या भिंतीत जमिनीतली ओल थोडीफार चढतच असते. माती-चुन्याच्या गिलाव्यातून ती उडून जाते. वर सिमेंटचा थर बसला की तिची वाट बंद होते. ओल भिंतीत साठते, दोन-चार पावसाळ्यांनी प्लास्टर पोकळ वाजायला लागतं, पापुद्रा धरून सुटतं आणि मागची माती भुसभुशीत झालेली असते. शिवाय ओली भिंत कोरड्या भिंतीपेक्षा जास्त गार असते. थंडीसाठी केलेलं काम थंडीच वाढवेल. तो मनुष्य फसवतोय असं मी म्हणत नाही, त्याला विटा-सिमेंटचं काम येतं, त्याने ते सांगितलं.

एक झरोका मात्र उघडाच राहू द्या, स्वयंपाकघरात उंचावरचा. जिथे गॅस किंवा चूल पेटते तिथली हवा बदलत राहायला हवी.

स्वयंपाकघरावर पत्रा आहे का, ते तुम्ही लिहिलं नाही. बऱ्याच वाड्यांत मागची बाजू पडली की तिथे पत्रा टाकलेला असतो. तसं असेल तर पहाटे त्याला आतून घाम येतो, थेंब पडतात, आणि तीच घरातली सर्वांत गार जागा असते. पत्र्याच्या खाली वीतभर जागा सोडून बांबूच्या चटया बांधून घ्या, गॅस किंवा चुलीच्या डोक्यावरची जागा सोडून. माजघराच्या वरच्या फळ्यांतून माती किंवा वारा येत असेल तर मांजरपाटाचं कापडी छत ताणून बांधा. पूर्वी दिवाणखान्यात ते शोभेसाठी असायचं, पण ऊबही धरतं.

अंथरुणाबद्दल दोन शब्द जास्तच लिहिते, कारण इथे शहरातून आलेली माणसं हमखास चुकतात. अंगावर तीन ब्लँकेटं आणि खाली शाहाबादी फरशीवर पातळ गादी. गारठा खालून येतो. आधी सतरंजी, त्यावर घोंगडी, त्यावर गादी आणि गादीवर एक गोधडी. सासूबाई बाजेवर झोपत असतील तर बाजेच्या विणीतून वारा लागतो, तिथे तर खाली घोंगडी हवीच. घोंगडी मेंढीच्या लोकरीची घ्या, चिंचोक्याची खळ दिलेली. हाताला राठ लागते, टोचते, म्हणून लोक ती नाकारतात. पण ती अंगाला लावायचीच नसते, गोधडीच्या वर किंवा गादीच्या खाली घालायची असते. आणि गोधड्या रोज दुपारी दोन तास उन्हात टाका. रात्रभराचा दमटपणा त्यात बसलेला असतो, ऊन लागलं की आतले थर पुन्हा सुटे होतात आणि त्यांच्यात हवा धरून राहते. ऊब देते ती हवाच. उन्हातून आणलेली गोधडी चार वाजता घडी घालून लगेच माजघरात ठेवा, अंगणात राहिली की पुन्हा गार पडते.

हिटर घ्यायचा असेल तर आधी वायरमनला बोलवा. २००० वॅटचा हिटर जवळजवळ ९ अँपिअर ओढतो. वाड्यातली जुनी वायरिंग लाकडी पट्टीवरून गेलेली असते, तिला बल्ब आणि पंखा एवढीच सवय. मोठ्या पिनेचा स्वतंत्र पॉइंट, नीट अर्थिंग आणि गळती होताच वीज तोडणारा स्विच, एवढं झाल्याशिवाय हिटर नको, एक्स्टेंशन बोर्डावर तर कधीच नको. आणि गोधडीपासून निदान तीन फूट लांब. माजघरात झोपायला आलात की कदाचित त्याची गरजच पडणार नाही.

मुलाचा खोकला नुसत्या थंडीचा असेलच असं नाही. शेगडी, बंबाचा धूर, माडीवरच्या फळ्यांतून पडणारी धूळ, यातलं काहीही असू शकतं. शेगडी बंद करा, बंब चौकाच्या टोकाला न्या, आणि आठवड्याभरात फरक पडला नाही किंवा रात्री छातीतून शिट्टीसारखा आवाज आला तर थांबू नका, दाखवून या. आंघोळ शाळेतून आल्यावर, दुपारच्या उन्हात घाला. पहाटेच्या आंघोळीचा हट्ट त्याच्यासाठी तरी सोडा.

आता सासूबाई, ज्यांच्याबद्दल तुम्ही सगळ्यात कमी लिहिलंय.

त्या पहाटे पाचला दार उघडतात, तुम्ही सांगून ऐकत नाहीत. ताई, या बाईंनी त्या घरात पन्नासएक हिवाळे काढले असतील. मागचं दार उघडायचं, बंब पेटवायचा, तुळशीपाशी दिवा लावायचा, हा त्यांचा दिवस सुरू व्हायचा क्रम आहे. डिसेंबरच्या मध्यापासून संक्रांतीपर्यंत तर धनुर्मास, उजाडायच्या आत नैवेद्य. तो क्रम मोडायला सांगू नका, दाराच्या आतल्या बाजूला जाड पडदा टांगा. गोणपाटाचे दोन थर आणि मधे जुनी गोधडी, पार जमिनीला टेकेल असा. त्या पडदा सारून बाहेर जातील, तो मागे पडेल. त्यांचं दार उघडं राहील आणि माजघर बंद राहील.

पण त्यांच्या तब्येतीकडे लक्ष द्या. या वयात थंडी वाजल्याची जाणीव कमी होते, त्या ‘मला नाही वाजत’ म्हणतील तेव्हा हात लावून तळपाय बघा. थंडीत रक्तदाब वाढतो, गोळ्या चालू असतील तर एकदा मोजून घ्या. झोपेतून उठून थेट चौकात जाण्याऐवजी आधी अंथरुणातच बसून मोजे, कानटोपी, स्वेटर घालायला हवं, ते सगळं रात्रीच त्यांच्या उशाशी ठेवा. गरम पाण्याची पिशवी देत असाल तर उकळतं पाणी भरू नका आणि टॉवेलात गुंडाळूनच द्या. मधुमेह असेल तर पायाला चटका बसलेला कळत नाही, तेव्हा ती पिशवी अंथरुण गरम करायला ठेवा आणि त्या झोपायला आल्या की काढून घ्या.

आणि त्यांना एक प्रश्न विचारा. ‘आई, पूर्वी थंडीत तुम्ही सगळे कुठे झोपायचात?’ एवढाच. सुचवायच्या सुरात नको, खरंच विचारा. मी वर जे लिहिलं त्यातलं निम्मं त्या तुम्हाला माझ्यापेक्षा नेमकं सांगतील. कोणत्या दाराने पहाटेचा वारा येतो, झडप कुठे आहे, घोंगड्या कोणत्या पेटीत आहेत, माळवदाला कुठे भेग आहे. दसऱ्यापासून हे त्यांना कुणी विचारलंच नसेल. मुलगा-सून शहरातून आली, त्यांनी माडी घेतली, आपण कशाला बोला, असं त्यांनाही वाटलं असेल. हा माझा तर्क आहे, पण असे तर्क बहुतेक खरे निघतात. माजघरात झोपायची कल्पना त्यांच्या तोंडून आली तर यजमानांनाही ती गावची रीत वाटेल, तुमची तक्रार वाटणार नाही.

यजमानांशी मात्र स्वतःच बोला, आणि थंडीवरून सुरुवात करू नका. ‘मी इथे आले याचं मला वाईट वाटत नाही, पण मला रात्री झोप लागत नाही आणि मला एकटं पडल्यासारखं होतं,’ हे सांगा. पत्रात तुम्ही मला जे सांगितलंत ते त्यांना माहीतच नाही. त्यांनीही शेगडी आणली ती तुमच्याच काळजीने, हे लक्षात असू द्या. शेगडी बंद करताना ते आधी बोलून दाखवा.

चूक केली का, या प्रश्नाचं उत्तर मी देणार नाही आणि तुम्हीही पौषात देऊ नका. घर पाडायचं, विकायचं, परत जायचं, यातला कुठलाही निर्णय पुढच्या दिवाळीपर्यंत नको. जुन्या घरात एक पूर्ण वर्ष राहिल्याशिवाय ते कळत नाही. ज्या माडीने आज तुम्हाला छळलंय ती मे महिन्यात पंख्याशिवाय झोपू देईल. पावसाळ्यात कुठे गळतं ते दिसेल. एक वही करा, कुठे वारा, कुठे ओल, कुठे ऊन, तारखेनिशी लिहा. वर्षभराने तरीही नको वाटलं तर ठाणे आहेच, आणि त्यात कुणाचा अपमान नाही.

राहिलं तुमचं खडखडणारं दार. माझ्या मते तुमच्या जाग्या रात्रींमधला मोठा वाटा त्याचाच आहे, आणि काम दहा मिनिटांचं आहे. कोयंडा झिजून कडी सैल झालेली असते, वारा दाराला पुढे-मागे ढकलतो आणि कडी लोखंडावर आपटते. सायकलवाल्याकडून जुन्या ट्यूबचा वीतभर तुकडा आणा. कोयंड्याला आतून दोन वेढे द्या, सुतळीने घट्ट बांधा आणि मग कडी घाला. ती थोडी जोर लावून बसली पाहिजे. दार तरीही हललं तर खालच्या बाजूला, जमिनीपासून वीतभर वर, चौकट आणि फळी यांच्या मधे दुमडलेल्या ट्यूबचा अजून एक तुकडा खोचा. आज दिवेलागणीच्या आत करून टाका.